‘राष्ट्रहितासाठी’ म्हणून घेतलेला निर्णय तपासायचा कसा? ठाणे-नवी मुंबईतल्या अभ्यासगटांसाठी

परराष्ट्र व्यवहारात सरकारने काही केलं की समर्थनाला ‘राष्ट्रहित’ हा एक शब्द पुरतो. कुणी शंका काढली तर तो देशाच्या विरोधात आहे असं ठरतं, आणि शंका काढणाराही बऱ्याचदा ‘हा स्वार्थ आहे’ एवढं म्हणून मोकळा होतो. दोघांचंही बोलणं जिथे संपतं तिथून खरा अभ्यास सुरू होतो. तो कसा करायचा याची ही कृती आहे. वाचनालय, ज्येष्ठ नागरिक संघ, महाविद्यालयाचं मंडळ, सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये जमणारा गट, कुणालाही ती वापरता येईल.

आधी आमची भूमिका सांगतो, म्हणजे पुढच्या पायऱ्या अशा का आहेत ते कळेल. आपल्या लोकांचं हित आधी पाहणं हे सरकारचं नैतिक कर्तव्य आहे. सरकार खर्च करतं तो पैसा आणि धोक्यात घालतं ती माणसं त्याच्या मालकीची नसतात, त्यामुळे व्यक्तीने दाखवावी तशी उदारता दाखवण्याची मुभा त्याला नसते. सोसायटीच्या कमिटीने आधी आपल्या इमारतीच्या टाकीचं बघावं, त्यासाठीच तर तिला निवडलेलं असतं. पण म्हणून सामाईक लाइनवर चोरून पंप लावायचा अधिकार तिला मिळत नाही. ‘आधी’ आणि ‘फक्त’ यांतला हा फरक एकेका निर्णयावर लावून पाहायचा, एवढंच काम आहे. ते वाटतं त्यापेक्षा अवघड असतं.

भारताच्या बाबतीत हा फरक कुणाच्या मनाचा खेळही नाही. संविधानाचा अनुच्छेद ५१ राज्याला आंतरराष्ट्रीय शांतता व सुरक्षेसाठी, राष्ट्राराष्ट्रांत न्याय्य आणि सन्मानाचे संबंध राखण्यासाठी, आंतरराष्ट्रीय कायदा व करारांविषयी आदर वाढवण्यासाठी झटायला सांगतो. हे मार्गदर्शक तत्त्व आहे. अनुच्छेद ३७ मुळे त्यावर कोर्टात दाद मागता येत नाही, पण तोच अनुच्छेद ही तत्त्वं देशाच्या कारभारात मूलभूत आहेत असंही म्हणतो. म्हणजे ‘परराष्ट्र धोरणात नीती कुठे आणता’ असं कुणी म्हटलं, तर ती संविधानानेच आणली आहे हे उत्तर तयार ठेवा.

बैठकीची तयारी

माणसं ८ ते १२. आठच्या खाली गेलात तर मतं कमी पडतात, बाराच्या वर गेलात तर चौघंच बोलतात. वेळ अडीच तास, मध्ये दहा मिनिटांचा चहा. शक्यतो शनिवारी संध्याकाळी साडेपाचला बसा. रविवारी मेगाब्लॉक असला की ऐरोली-घणसोलीहून ठाण्याला किंवा ठाण्याहून वाशीला येणाऱ्यांचे हाल होतात, आणि अर्धा गट अर्ध्या तासाने उगवला की पहिली पायरी पुन्हा करावी लागते.

गटात निरनिराळ्या धंद्यांतली माणसं मुद्दाम बोलवा. कांद्याच्या निर्यातीवर बोलायचं आणि वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधलं कुणीच नाही, न्हावा शेवाच्या कंटेनरचं काम करणारा फॉरवर्डिंग एजंट नाही, असं या भागात तरी होऊ नये. परराष्ट्र धोरणाचा परिणाम ज्यांच्या हातून जातो ती माणसं इथे अर्ध्या तासाच्या अंतरावर राहतात. आखातात मुलगा असलेली आई, रिफायनरीतून निवृत्त झालेला इंजिनिअर, नाशिककडे शेती असलेला आयटीवाला, यांचं ज्ञान वर्तमानपत्राच्या अग्रलेखात नसतं.

एका बैठकीला एकच निर्णय घ्या, आणि निर्णय म्हणजे तारीख असलेली कृती. ‘भारताचं बांगलादेश धोरण’ हा विषय नाही. ‘२९ सप्टेंबर २०१९ ला कांद्याच्या निर्यातीवर घातलेली बंदी’ हा विषय आहे.

कागद आधी गोळा करा. निवड करणाऱ्याने आठवडाभर आधी मूळ दस्तऐवज शोधायचा, बातमीवर भागवायचं नाही. निर्यात-आयातीचा निर्णय असेल तर विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना त्यांच्या संकेतस्थळावर असते; ती बहुधा दोन पानांची असते आणि बातमीत गळलेले अपवाद तिच्यातच सापडतात. संयुक्त राष्ट्रांतलं मतदान असेल तर तिथल्या डिजिटल ग्रंथालयात देशवार नोंद मिळते, आणि तिच्याबरोबर आपल्या प्रतिनिधीने मतदानानंतर केलेलं स्पष्टीकरणाचं निवेदन वाचायलाच हवं, कारण तटस्थ राहण्याची कारणं त्यात असतात. संसदेतली प्रश्नोत्तरं परराष्ट्र मंत्रालय स्वतः प्रसिद्ध करतं. परराष्ट्र व्यवहारांच्या स्थायी समितीचे अहवाल सहसा कुणी उघडत नाही, आणि सर्वात भरीव मजकूर तिथे असतो. सगळं मिळून प्रत्येकाच्या हातात चार पानं पडली पाहिजेत. दहा पानं दिलीत तर कुणी वाचणार नाही.

पहिली पायरी: निर्णय एका वाक्यात, विशेषणाशिवाय

कुणी, कधी, काय केलं, कुणाला लागू. ‘धाडसी’, ‘लाजिरवाणा’, ‘ऐतिहासिक’ हे शब्द खोडा. याला पंधरा मिनिटं लागतात आणि ती घालवावीत. २०२३ च्या कांदाबंदीचं वाक्य लिहायला घेतलं की लक्षात येतं, तिथे एक निर्णय नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत (याहून कमी दराने माल बाहेर पाठवता येत नाही), ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी, मार्च २०२४ मध्ये बंदीला बेमुदत वाढ, ४ मे २०२४ ला बंदी उठली पण ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क राहिलं. उरलेलं शुल्क १ एप्रिल २०२५ ला गेलं. शुल्क आणि बंदी यांच्या नैतिकतेत फरक आहे: शुल्कात गरजू खरेदीदार जास्त पैसे मोजून माल नेऊ शकतो, बंदीत नाही. म्हणून नेमकी कोणती पायरी तपासतो आहोत ते आधीच ठरवा.

दुसरी पायरी: ‘राष्ट्र’ फोडून पाहा

यावर सर्वात जास्त वेळ द्या, किमान पाऊण तास. मोठा ड्रॉइंग पेपर भिंतीला चिकटवा आणि देशाच्या आतलं हित पाच रकान्यांत मांडा: अस्तित्व व सुरक्षा, परदेशात असलेली आपली माणसं, पोटापाण्याचे व्यवहार, प्रतिष्ठा, आणि सत्तेवर असलेल्यांचं स्वतःचं हित. शेवटचा रकाना लिहायला माणसं कचरतात. तो प्रत्येक पक्षाच्या सरकारसाठी लिहायचा, म्हणजे कचरण्याचं कारण राहत नाही.

कांद्याचंच घ्या. नौपाड्यातल्या गिऱ्हाइकाला डिसेंबरात कांदा स्वस्त मिळाला, हे हित खरं आहे. हातावर पोट असलेल्या घरात कांद्याचा भाव ही किरकोळ गोष्ट नव्हे. पण तोटा कुणाचा झाला? खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्महिने ठेवता येतो, लाल कांदा निघाला की विकावाच लागतो. बंदी आली ती हा लाल कांदा बाजारात येत असताना. निफाड-लासलगावच्या शेतकऱ्याला थांबायचीही सोय नव्हती. म्हणजे ‘राष्ट्रहित’ म्हणताना एका राष्ट्रवासीयाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात पैसे गेले. ते समर्थनीय असू शकतं, पण तसं स्पष्ट म्हणून करावं लागतं आणि ज्याचं गेलं त्याला भरपाईबद्दल काही सांगावं लागतं.

पुढे एप्रिल २०२४ मध्ये २,००० टन पांढऱ्या कांद्याच्या निर्यातीला परवानगी मिळाली. तो मुख्यतः गुजरातचा, आणि महाराष्ट्रातल्या उत्पादकांनी त्यावर जो संताप केला तो याच मुद्द्याचा होता: राष्ट्रहिताचा अपवाद एका भागाला आणि बोजा दुसऱ्याला का? राजकीय रकान्यात तारखाही लिहा. बंदी ४ मेला उठली, नाशिक, दिंडोरी आणि ठाणे या तिन्ही मतदारसंघांत २० मेला मतदान होतं. यावरून हेतू सिद्ध होत नाही. तारखा जवळजवळ असणं हा प्रश्न विचारण्याइतका पुरावा आहे, निकाल देण्याइतका नाही, हे सूत्रधाराने इथे ठामपणे सांगावं.

रशियन तेलाच्या बाबतीत हीच फोड केली तर चित्र वेगळं निघतं. फेब्रुवारी २०२२ पूर्वी भारताच्या आयातीत रशियन कच्च्या तेलाचा वाटा दोन टक्क्यांच्या आत होता, पुढच्या वर्षभरात तो तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गेला. स्वस्त तेल म्हणजे सर्वांचं हित, असं कुणी म्हणेल तेव्हा पंपावरचा दर विचारा. जुलै २०२२ मध्ये राज्याने कर कमी केल्यावर मार्च २०२४ पर्यंत आपल्याकडचा पेट्रोलचा दर जवळपास हललाच नाही. मग सवलत कुठे गेली: शुद्धीकरण कंपन्यांच्या नफ्यात की सरकारच्या तिजोरीत? तेवढ्याच प्रामाणिकपणे दुसरी बाजूही लिहायची: २०२२ च्या मध्यात कच्चं तेल शंभर डॉलरच्या वर असताना दर चढू दिला नाही आणि सरकारी तेल कंपन्यांनी तोटा सोसला. या दोन्ही ओळी कागदावर असल्याशिवाय तिसऱ्या पायरीकडे जाऊ नका.

तिसरी पायरी: सीमेपलीकडे काय झालं, आणि ते कोणत्या प्रकारचं होतं

इथे आम्ही चार प्रकार वापरतो, चढत्या गांभीर्याने. मदत न करणं. चालू असलेली मदत किंवा पुरवठा थांबवणं. दिलेला शब्द किंवा केलेला करार मोडणं. थेट इजा करणं. सगळ्यांना ‘स्वार्थ’ म्हटलं की चर्चा बिघडते, कारण प्रत्येकासाठी लागणारं समर्थन वेगळ्या वजनाचं आहे. मदत न करायला ‘आमच्याकडेच कमी आहे’ हे पुरतं. पुरवठा थांबवताना तेवढं पुरत नाही, कारण समोरचा आपल्यावर विसंबला होता आणि तो विसंबावा यासाठी आपणच बाजारपेठ मिळवली होती. शब्द मोडायला जवळजवळ अस्तित्वाचंच कारण लागतं. थेट इजेला स्वसंरक्षणाशिवाय दुसरं समर्थन आम्हाला मान्य नाही.

२०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशात कांद्याचे भाव भडकले आणि तिथे विमानाने कांदा आणावा लागला. त्याच ऑक्टोबरच्या सुरुवातीला शेख हसीना दिल्लीत होत्या. उद्योजकांसमोर बोलताना त्या हिंदीत म्हणाल्या, की आपण स्वयंपाक्याला जेवणात कांदा बंद करायला सांगितलंय. लोक हसले, पण त्यांची मागणी गंभीर होती: बंदी घालायची तर आधी कळवा, म्हणजे दुसरीकडून आणू. बंदीच घालू नका असं त्या म्हणत नव्हत्या. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा अचानक बंदी आली. पहिल्या वेळी ‘त्यांची अडचण लक्षात आली नाही’ म्हणता आलं असतं. दुसऱ्या वेळी ती वाट बंद होती. तोच निर्णय, तोच माल, पण नैतिक वजन वर्षभरात वाढलं.

शिवाय आगाऊ सूचना ही मेहेरबानी नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी करारातलं १२ वं कलम सांगतं, की अन्नपदार्थाच्या निर्यातीवर बंधन घालणाऱ्या देशाने आयातदारांच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा आणि शक्य तितकं आधी लेखी कळवावं. विकसनशील देशांना यातून सूट आहे, पण तो देश त्या विशिष्ट पदार्थाचा निव्वळ निर्यातदार असेल तर सूट मिळत नाही. कांद्याच्या बाबतीत भारत निव्वळ निर्यातदार आहे. टंचाई टाळायला तात्पुरती बंदी घालायला जागतिक व्यापाराचे नियम परवानगी देतात. म्हणून आमचं मत असं, की २०१९ ची बंदी चूक नव्हती, ती ज्या पद्धतीने रातोरात आली ती चूक होती. २०२४ मध्ये बंदी चालू असतानाच बांगलादेश, अमिरात, भूतान, बहरीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांसाठी ९९,१५० टनांची मुभा दिली गेली. शेजाऱ्याची गरज ओळखून खिडकी उघडी ठेवण्याची ही पद्धत आधीपेक्षा निश्चित चांगली होती.

या पायरीवर नेहमी होणारी गडबड म्हणजे पलीकडच्या देशाला एकच माणूस समजणं. ‘बांगलादेशने असं केलं म्हणून आपण तसं केलं.’ केलं ढाक्यातल्या सरकारने, भोगलं तिथल्याच गाझीपूरच्या शिलाई कामगाराने. रकान्यात माणसं लिहा, देशांची नावं नकोत.

चौथी पायरी: त्या दिवशी हातात काय होतं

निर्णयाच्या तारखेला खरोखर शक्य असलेले किमान तीन पर्याय लिहा. आज सुचलेले पर्याय चालत नाहीत, आणि त्या दिवशी माहीत नसलेली गोष्ट निर्णयाविरुद्ध वापरायची नाही. यासाठी दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहणं उपयोगी पडतं.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं तेव्हा तिथे दीड लाखाहून अधिक भारतीय अडकले होते. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले, सद्दाम हुसेन यांना मिठी मारून भेटले, त्या आलिंगनावर जगभर टीका झाली. त्यानंतर दोनेक महिन्यांत अम्मानमार्गे जवळपास ५०० उड्डाणांनी सुमारे १ लाख ७० हजार माणसं घरी आणली गेली. आता २ मार्च २०२२. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युक्रेनवरील हल्ल्याच्या निषेधाचा ठराव १४१ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला, ३५ देश तटस्थ राहिले आणि त्यांत भारत होता. आदल्याच दिवशी खारकिव्हमध्ये एक भारतीय विद्यार्थी मारला गेला होता आणि हजारो मुलं तळघरांत होती. ‘ऑपरेशन गंगा’तून पुढे सुमारे साडेबावीस हजार जण परत आले.

दोन्ही वेळी ‘आपली माणसं तिथे आहेत’ हे कारण त्या आठवड्यांपुरतं आम्हाला पुरेसं वाटतं. आक्रमकाशी तोंड उघडं ठेवल्याशिवाय माणसं बाहेर निघत नाहीत. पण कारणाला मुदत असते. मुलं परत आल्यावर तटस्थता चालूच राहिली, तेव्हा तिला दुसरं कारण हवं: शस्त्रांचे सुटे भाग, तेल, चीनच्या बाजूला रशिया पूर्ण झुकू नये ही काळजी. ती कारणं टाकाऊ नाहीत, पण ती वेगळी आहेत आणि मुलांच्या आड उभं राहून ती सांगता येत नाहीत. निर्णयाचं कारण संपल्यावर निर्णय चालू राहिला का, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत विचारा. बहुतेक वेळा सर्वात चांगली चर्चा इथेच होते.

‘नैतिक पर्याय आणि स्वार्थाचा पर्याय एकमेकांविरुद्धच असतात’ असं धरून चालणाऱ्यांना १९७१ दाखवा. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित आले, त्यांचा भार पेलणं भारताला शक्य नव्हतं, आणि तिथली कत्तल थांबणं हेही योग्यच होतं. हित आणि न्याय एका दिशेला होते. तरीही ७ डिसेंबरला आमसभेत युद्धबंदीच्या ठरावाच्या बाजूने १०४ मतं पडली, विरोधात अवघी ११. अमेरिकेच्या ढाक्यातल्या वकिलातीतल्या अधिकाऱ्यांनी ६ एप्रिललाच आपल्या सरकारच्या मौनाचा लेखी निषेध केला होता. वॉशिंग्टनने चीनशी दार उघडण्याच्या हितापुढे तो बाजूला सारला. जगातलं बहुमत आपल्या बाजूने नाही म्हणून निर्णय अनैतिक ठरत नाही, हे या उदाहरणातून शिकायचं. आणि दुसऱ्या देशाने ‘राष्ट्रहित आधी’ म्हटलं तेव्हा एक कोटी माणसं कशी दिसेनाशी झाली, हेही.

पाचवी पायरी: बाजू बदला

निर्णय तोच ठेवून देशांची नावं उलटी करा आणि पुन्हा वाचा. एप्रिल २०२१ याला फार चांगला आहे. १६ एप्रिलला सिरम इन्स्टिट्यूटच्या अदर पूनावाला यांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना उद्देशून जाहीर विनंती केली, की लशीच्या कच्च्या मालाच्या निर्यातीवरची अडवणूक उठवा. आपल्याला ती मागणी रास्त वाटली. त्याच सुमारास, दुसरी लाट चढत असताना, भारताने स्वतः लस बाहेर जाणं जवळपास थांबवलं होतं आणि गरीब देशांना लस पोचवणाऱ्या ‘कोव्हॅक्स’ या आंतरराष्ट्रीय योजनेवर अवलंबून असलेले आफ्रिकेतले देश दुसऱ्या मात्रेची वाट पाहत होते. जानेवारीत भूतान-मालदीवपासून सुरू झालेला पुरवठा पुन्हा रुळावर यायला वर्षाचा शेवट उजाडला.

इथे गट दोन टोकांना जातो. एक म्हणतो, सगळेच करतात तर आपणही. दुसरा म्हणतो, म्हणजे आपण ढोंगी. दोन्ही घाईची उत्तरं आहेत. विचारायचं ते असं: ज्या परिस्थितीत आपण थांबवलं त्या परिस्थितीत दुसऱ्याने थांबवलेलं आपण मान्य केलं असतं का? ठाण्यातल्या रुग्णालयांबाहेर ऑक्सिजनसाठी रांगा होत्या. तशा रांगा दुसऱ्या देशात असत्या आणि त्याने लस रोखली असती, तर आपण चरफडलो असतो, पण मान्य केलं असतं. ऑगस्टमध्ये लाट ओसरल्यावरही रोखली असती तर? तिथे गटातली मतं फाटतात, आणि फाटू द्यावीत.

बिघडतं कुठे

सर्वात मोठा धोका ‘मग तेव्हा कुठे होतात’ या वाक्याचा. कुणी आजच्या सरकारचा निर्णय काढला की दुसरा १९६२ काढतो. सूत्रधाराने एक वेगळा कागद ठेवावा, जुनं उदाहरण त्यावर तारखेसह टिपावं आणि पुढच्या बैठकीचा विषय म्हणून मान्य करावं. ते टाळलं जात नाही आणि आजचा विषयही सुटत नाही. पाकिस्तानविषयीचा निर्णय पहिल्या तीन बैठकांत घेऊ नका. पद्धत हाताला बसण्याआधी रक्त तापतं.

दुसरा धोका जाणकाराचा. निवृत्त अधिकारी किंवा प्राध्यापक असले की बाकीचे श्रोते होतात. त्यांना तथ्यं विचारा, मत शेवटी विचारा. तिसरा, ‘आतली गोष्ट आपल्याला काय कळणार’ हा नम्रपणा. गुप्त माहिती असते हे खरं, पण वर घेतलेल्या उदाहरणांचा विचार करायला लागणारे कागद आज बहुतेक उघड आहेत.

निकाल लिहिताना

शेवटची वीस मिनिटं प्रत्येकाने एकट्याने लिहायची, बोलायचं नाही. चार ओळी: निर्णय योग्य, योग्य पण पद्धत चुकली, की अयोग्य; सर्वात जड कारण कोणतं; कुणाचं नुकसान झालं आणि त्याला काय देणं लागतो; आणि कोणती गोष्ट कळली तर मत बदलेन. चौथी ओळ रिकामी ठेवणाऱ्याला कागद परत द्या. हात वर करून मतदान घेऊ नका, त्याने माणसं पक्षात विभागली जातात.

माहिती अपुरी राहिली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. केंद्राच्या खात्यांसाठी तो ऑनलाइन होतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कलम ८(१)(अ) खाली परदेशांशी संबंधांना बाध येईल अशी माहिती नाकारता येते, म्हणून ‘निर्णय का घेतला’ असं विचारू नका. ‘अमुक अधिसूचनेपूर्वी आयातदार देशांना किंवा जागतिक व्यापार संघटनेला लेखी कळवलं का, कळवलं असल्यास तारीख काय’ असं विचारा. नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील करा आणि त्यात कलम ८(२) चा उल्लेख करा: सार्वजनिक हित जास्त असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. खासदारांच्या कार्यालयात प्रश्नाचा मसुदा द्यायचा असेल तर अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्या, लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी जावी लागते.

दुसऱ्या बैठकीसाठी आमची सूचना १७ मे २०२५ च्या अधिसूचनेची. बांगलादेशातून येणारे तयार कपडे जमिनीवरच्या कुठल्याही नाक्यातून आणायला तिने मनाई केली आणि फक्त न्हावा शेवा व कोलकाता ही दोन बंदरं उघडी ठेवली. नेपाळ-भूतानला जाणारा माल त्यातून वगळला. महिनाभर आधी बांगलादेशने भारताचं सूत जमिनीच्या मार्गाने घेणं बंद केलं होतं, आणि त्याच्याही आधी आपण त्यांची ट्रान्सशिपमेंटची, म्हणजे भारतामार्गे तिसऱ्या देशांना माल पाठवण्याची, सोय काढून घेतली होती. या तिन्ही तारखा क्रमाने लावून घ्या, आणि उरणच्या बाजूला कंटेनर यार्डात काम करणारं कुणीतरी बैठकीला आणा.